पी.पी. नंबरवरची मुलाखत

घरच्या माणसाची तारीफ करायची नाही, असा आमच्या घरात नियम होता. मी बोर्डात वरचा नंबर काढला तेव्हा पेढे वाटताना आई शेजारच्या काकूंना म्हणाली, "निघाली बाई कशीबशी, पेपरच आसान होते." चांगलं बोललं की दृष्ट लागते, हे तिचं कारण. बाबांना दृष्टीची काही पडलेली नव्हती. त्यांची जीभच तशी होती. ते घरच्यांबद्दल खरोखर वाईट बोलायचे आणि ऐकणाऱ्याला वाटायचं, काय विनम्र माणूस आहे.

बाबा कापडगिरणीत टाइम ऑफिसला होते. कामगारांची हजेरी मांडायचं त्यांचं काम. गिरणी बंद पडल्यावरही ते रोज सकाळी डबा घेऊन फाटकाशी जाऊन बसत. गिरणी पुन्हा सुरू होणार, असं तिथे बसलेले सगळे एकमेकांना सांगत असत. दुपारी घरी येऊन तोच डबा आमच्यासमोर उघडायचा आणि जेवताना भाजीपासून दिल्लीच्या सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा, हा त्यांचा दिनक्रम झाला होता.

मी गणितात एमएस्सी करत होते. त्या दिवसांत इंदूरला स्नेहलतागंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेअरचे फॉर्म विकणारे टेबल टाकून बसायला लागले होते. बाजारात उद्या काय होईल हे कोणाला सांगता येत नाही, पण न सांगता येण्याचंही गणित मांडता येतं, हे मला कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडलं आणि मी वेडी झाले. अमेरिकेत त्याचा वेगळा अभ्यासक्रम निघाला होता, फायनान्शियल इंजिनिअरिंग. मला तिथे जायचं होतं. नुसता प्रवेश मिळून उपयोग नव्हता, शिष्यवृत्तीही हवी होती. ती नाही तर काहीच नाही.

बाबांनी माहितीपत्रक लांब धरून पाहिलं. "म्हणजे सट्टाच ना? त्यासाठी अमेरिकेची काय जरूरत? सराफ्यात जाऊन बस, फोकट में शिकवतील."

"सट्टा नाही बाबा. जोखमीची किंमत काढायचं शास्त्र आहे."

"आमच्या गिरणीची किंमत काढायला आले होते ते पण असेच शिकलेले होते. किंमत एकदम बरोबर काढली त्यांनी. गिरणी गेली."

त्यांच्या बोलण्यात खरेपणा असायचा, म्हणून ते जास्त लागायचं.

अर्जासाठी शिफारसपत्रं लागत. आमच्या सरांनी रिवाजाप्रमाणे सांगितलं, तूच लिहून आण, मी सही करतो. मी दोन दिवस बसले. 'हुशार' लिहायचं आणि खोडायचं. शेवटी लिहिलं की मुलगी कष्टाळू, आज्ञाधारक आणि चांगल्या घरातली आहे. सर वाचून हसत सुटले. "अरे यार, ये तो तुमने कैरेक्टर सर्टिफिकेट बना दिया!" त्यांनी ते फाडलं आणि स्वतः लिहिलं. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. बहुतेक चांगलं असावं, कारण एका विद्यापीठाने कळवलं की आमचे प्राध्यापक तुझ्याशी फोनवर बोलतील आणि शिष्यवृत्तीचं त्यावर ठरेल.

आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या, रेल्वेतल्या काकांचा नंबर पुढे पी.पी., म्हणजे शेजारून बोलावून देतील, असं लिहून आम्ही सगळीकडे द्यायचो. त्या संध्याकाळी मी इस्त्रीची साडी नेसून काकांच्या बैठकीत बसले. जणू त्या माणसाला साडी दिसणार होती. आई आली, काकू चहा घेऊन आल्या, आणि कोणी बोलावलं नसताना बाबाही आले.

फोन वाजला. मी उठले, तर बाबांनी हातानेच मला थांबवलं. घरात मोठं माणूस असताना पोरीने आधी रिसीव्हर उचलायचा नाही, हे तिथे कोणालाच वावगं वाटलं नाही. मलाही त्या क्षणी नाही वाटलं, आणि ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

"हॅलो, फादर स्पीकिंग." मग ते थोडं ऐकत राहिले. "नो नो, सर. शी इज ऑर्डिनरी गर्ल. नथिंग स्पेशल. ओन्ली बाय-हार्ट करती है."

काका कौतुकाने मान हलवत होते. आई खाली बघून समाधानाने हसत होती. एवढ्या मोठ्या साहेबासमोर घरच्या लेकीविषयी किती नम्रपणे बोलले!

रिसीव्हर माझ्या हातात आला. तिकडचा माणूस सभ्य होता. त्याने विचारलं, तुझे वडील असं का म्हणतात? बाबा माझ्या कोपराला लागून उभे होते. मी म्हणाले, "ही इज माय फादर, सर." आपल्याकडे एवढ्यात सगळं येतं. त्याला त्यातून काही कळलं नसणार. गणिताचे प्रश्न मी सोडवले. मग त्याने विचारलं, दुसऱ्यांपेक्षा तुझ्यात विशेष काय आहे? चार जोडी कान माझ्याकडे लागले होते. ज्या घरात दुसऱ्याने केलेली तारीफही खाली मान घालून ऐकायची, त्या घरातल्या मुलीने ह्याचं उत्तर कुठून आणावं? "आय वर्क हार्ड," मी म्हणाले. तो वाट पाहत राहिला.

नकार आला तो मी सायबर कॅफेत वाचला. शिष्यवृत्ती दुसऱ्या कोणाला दिली होती. बापाच्या एका वाक्याने असले निर्णय होत नाहीत हे मला समजतं, पण मी आजतागायत बाबांनाच धरते. दुसऱ्या कोणाला धरू?

पुढच्या हिवाळ्यात देवासचे लोक मला बघायला आले. पोह्यांच्या ताटल्या घेऊन मी बाहेर आले तर बाबा बोलत होते. "गणितात हिचा हात धरणारा अख्ख्या इंदूरमध्ये नाही, भियाजी. अमेरिकेच्या प्रोफेसरने स्वतः फोन केला होता. असं डोकं मी आमच्या गिरणीच्या मॅनेजरचं पण बघितलं नाही." न अडखळता, न लाजता. एकेक वाक्य तयार होतं त्यांच्याजवळ.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "हे तिकडे का नाही बोललात?" आई मध्ये पडायला लागली, तिला मी गप्प केलं.

बाबा उरलेले पोहे एका ताटलीत गोळा करत होते. "तिकडे बोललो असतो तर तू अमेरिकेला गेली असतीस," ते म्हणाले. "इकडे बोललो तर जास्तीत जास्त देवासला जाशील." आणि ते खायला लागले.

मी देवासला गेले नाही. कुठेच गेले नाही. इथल्याच एका शेअर दलालाकडे नोकरी धरली, आई गेल्यावर बाबांचा डबाही मीच भरत राहिले आणि रोज रात्री त्यांच्यासमोर बसून मुकाट्याने जेवले. त्यांना हवं होतं ते मिळालं. त्याची गोडी तेवढी मी लागू दिली नाही.

ते गेल्यावर फाटकावरच्या त्यांच्या सोबत्यांनी तिथेच शोकसभा ठेवली. म्हणाले, बिटिया, वडिलांबद्दल दोन शब्द बोल. मी कितीतरी वर्षं ह्याची तयारी केली होती. उभी राहिले आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साधारण माणूस होते. विशेष काही नव्हतं त्यांच्यात."

पुढे बसलेल्या, गिरणीत मुकादम असलेल्या म्हाताऱ्या जॉबरने डोळे पुसले आणि शेजाऱ्याला म्हणाला, "देखा भिया, इसे कहते हैं संस्कार. बाप पे गई है."