दुसऱ्या भागात दुसऱ्याला जागा नाही

हा व्हिडिओ गेम टुकार असता तर माझा इतका संताप झाला नसता. पण दुसरा भाग झकास आहे, आणि म्हणूनच तळपायाची आग मस्तकात जाते. पहिल्या भागातला योद्धा पळताना धापा टाकायचा. हा भिंतीवरून धावतो, हवेतच वळून तलवार मारतो, बटण दाबलं की वार झालाच. कॅमेरा तेवढा ऐन लढाईत खांबामागे जाऊन बसतो, आणि शेवटी शेवटी तेच राक्षस रंग बदलून परत येतात. हे सगळं मी माफ केलं असतं.

पण पहिला भाग एकाच टीव्हीवर दोघांना खेळता यायचा. मी आणि माझा मोठा भाऊ तो दर रविवारी खेळायचो. शेताच्या वाटणीत एका धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, आमचं वाजलं होतं आणि बोलणं बंद झालं होतं. तरी तो आमगावहून मोटरसायकलने माझ्या कुडवा गावातल्या घरी यायचा, कारण अर्धवट सोडलेली लढाई त्याला चैन पडू देत नसे. चहा घ्यायचा नाही. पण खेळताना तोंड बंद ठेवून कसं चालेल? "डावीकडून येऊन राहिला, सांभाळ!" तो ओरडायचा. मीही ओरडायचो. आणि राक्षसाला हाणता हाणता तो मधेच सांगून टाकायचा की मायचा गुडघा दुखतो, यंदा धान बरं आहे. घरची खबर मला अशीच मिळायची.

दुसरा भाग आला. डबीवर दोन योद्धे पाठीला पाठ लावून उभे. चित्र पाहिलं की आमचा सौदा पक्का, मागची बारीक अक्षरं वाचतो कोण? जुना भाग दुकानात बदल्यात दिला, नवा आणला आणि भावाला निरोप धाडला.

तो आला, खाटेवर बसला, कंट्रोलर हातात घेतला. टीव्हीवर एकच योद्धा.

"मी कोणता?" त्याने विचारलं.

मी सगळी सेटिंग उलटीपालटी केली. दुसरा खेळाडू हवा असेल तर त्याने आपल्या घरी, आपल्या वेगळ्या मशीनवर, इंटरनेटवरून खेळायचं. कोण्या दीडशहाण्याने हे ठरवलं? त्याला भाऊ नाही काय? एका खाटेवर दोन माणसं बसतात, हे त्या लोकांच्या खिजगणतीतही नाही!

"तू खेळ, मी पाहून राहिलो," भाऊ म्हणाला.

मी खेळलो. एकमेकांना ओरडून सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून घरची खबरही नाही. थोड्या वेळाने तो उठला. "चांगला हाये," म्हणाला आणि बाहेर जाऊन गाडीवर बसला.

मी मागे धावलो. राग खेळ बनवणाऱ्यांवर होता, निघाला त्याच्यावर.

"चालला कुठं? तू येशील म्हणूनच घेतला ना मी हा! बस घरात, चहा पिऊन जा!"

भर रस्त्यात असा ओरडलो की शेजारचे बाहेर आले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "काऊन ओरडून राहिला? वाटणीच्या वक्ती एवढं ओरडून मले घरात बोलावला असता," तो म्हणाला, "त धुरा मी तसाच सोडून देल्लो असतो."

आणि त्याने किक मारली.