उपाशी पोटी दिलेला पेढा

देव आपलं ऐकतो की नाही, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नाही. मीच इतकं बोलत असे की त्याला ऐकून घेण्याशिवाय दुसरा इलाज नव्हता. लग्नानंतर मी दत्तमहाराजांकडे मुलगा मागितला. काही वर्षांनी मुलगी असली तरी हरकत नाही म्हणालो. पुढे पुढे तर ‘तुझ्या सवडीनं दे’ इथपर्यंत उतरलो. संध्याकाळी उरलेली मेथी विकणारा माणूससुद्धा इतका भाव पाडत नाही. आणि ज्या वर्षी वाटू लागलं की आता सौदा जुळत आलाय, त्याच वर्षी माझ्या बायकोच्या, सुलभाच्या, पोटात मुलाऐवजी गाठी वाढल्या. अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. मी नवस वाढवत राहिलो आणि ती औषधाच्या दुकानातून गोळ्या आणत राहिली. शेवटी एक दिवस ती ओट्याला धरून खाली बसली. ओठ पांढरे पडले होते. मला म्हणाली, “अहो, गॅस तेवढा बंद करा, दूध उतू जाईल.”

मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होतो. माझं काम दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं. नारायण पेठेत जन्मलेल्या माणसाला हे काम करण्याबद्दल पगारही मिळतो, हे कळल्यावर आमच्या घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं होतं. कंपनीच्या बसच्या वाटेवर एका ट्रस्टचं साधं हॉस्पिटल लागायचं. रोज खिडकीतून दिसायचं म्हणून ओळखीचं वाटलं, एवढ्याच पुण्याईवर मी सुलभाला तिथं नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आधी रक्त चढवायचं, थोडी ताकद आली की गर्भाशय काढून टाकायचं. “दुसरा काही मार्ग?” मी विचारलं. ते म्हणाले, “होता. लवकर आला असतात तर.” सुलभा खिडकीकडे बघत होती. मूल होण्याची आशा त्या एका वाक्यात संपली होती, आणि ती आशा इतकी वर्षं जपली होती तिनं. मी नुसता बोलत होतो.

सुलभाला दाखल केलं त्या बायकांच्या वॉर्डाबाहेर एक बाकडं होतं आणि बाकड्यासमोर भिंतीवर एक फळा. फळ्यावर वरती लिहिलेलं, ‘आमच्याकडून काय चुकलं’, आणि खाली टाचणीनं लावलेल्या चिठ्ठ्या. सिस्टर लोक आणि शिकाऊ मुली आपली चूक आपणच लिहून तिथं लावायच्या. नाव लिहायचं नाही, आणि कुणी लिहिलं म्हणून तिला रागवायचं नाही, असा नियम. आठवड्यातून एकदा मेट्रन सगळ्यांना फळ्यापुढे उभं करून त्यावर शिकवायच्या. पुण्यात मी आयुष्यभर पाट्या वाचल्यात. त्या सगळ्या दुसऱ्यानं काय करू नये हे सांगतात. स्वतःचं काय चुकलं हे सांगणारी पाटी मी पहिल्यांदाच बघितली आणि मला फारच गंमत वाटली. वॉर्डच्या इन्चार्ज वानखडे सिस्टर होत्या, मूळच्या यवतमाळकडच्या. त्यांना मी म्हणालोसुद्धा, “सिस्टर, फळा लहान पडतोय तुमचा.” त्या म्हणाल्या, “हाव भाऊ, तुमच्या हापिसातला मोठा असंल ना?” आमच्या ऑफिसात असा फळाच नव्हता.

सुलभाला रक्त चढत होतं तेवढंच बहुधा जात होतं. ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही, असं ठरलं. आदल्या रात्री वानखडे सिस्टरांनी तिला आणि मला दोघांनाही बजावलं, “आता तोंडात काहीच नाही. पाणीबी नाही.” मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

पहाटे मी देवळात गेलो. दत्तापुढे उभा राहिलो आणि आयुष्यातला शेवटचा भाव सांगितला. म्हटलं, ऑपरेशनच्या आधी काहीतरी कर. डॉक्टरांनी हात लावून बघावं आणि म्हणावं, अरे, इथं तर काहीच नाही. असं होतं म्हणतात. मी स्वतः तसं झालेलं ऐकलं होतं, म्हणजे ज्याच्या बाबतीत झालं त्याच्या शेजाऱ्याकडून. बाटलीत तीर्थ भरून घेतलं, दोन पेढे घेतले, आणि ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात शिरलो. साफसफाई चालली होती. पडदा ओढून मी सुलभाच्या तोंडाशी तीर्थाची बाटली नेली.

“अहो, सिस्टरनी पाणीसुद्धा नको सांगितलंय.”

“हे पाणी नव्हे. तीर्थ आहे.”

“आणि तो पेढा?”

“तो प्रसाद. प्रसादाला खाणं म्हणत नाहीत. उपासालासुद्धा चालतो.”

तिनं माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही, पण तिला त्याची दया आली असावी. घोट घोट करून तिनं तीर्थ घेतलं. मग पेढा खाल्ला, आणि मी दुसरा पुढे केल्यावर तोही खाल्ला. मला फार समाधान वाटलं. आपण काहीतरी केलं, असं त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच वाटलं.

थोड्या वेळानं वानखडे सिस्टर तिला थिएटरकडे न्यायची तयारी करायला आल्या. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र माझ्या हातात दिलं. नाव तिच्याच तोंडून वदवून घेतलं. मग विचारलं, “रात्रीपासून काही घेतलं काय, ताई?” सुलभानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही.” लग्न झाल्यापासून ती माझ्यासमोर कधी खोटं बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी बोलली, आणि ती माझी अब्रू राखायला. सिस्टरांनी माझ्याकडे वळून तेच विचारलं. मीही म्हणालो, “नाही.” त्या स्ट्रेचर आणायला गेल्या.

मी बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. मनात म्हणत होतो, देवाचा पेढा आहे, त्यानं काही होणार नाही. पण उपाशी का ठेवतात, हे विचारायचं मला इतक्या दिवसांत सुचलंच नव्हतं. शेजारी एका पेशंटची सासू बसली होती. तिला सहज विचारलं. ती म्हणाली, “भुलीत माणूस ओकलं तर पोटातलं छातीत जातंय. आमच्या गावची एक त्यातच गेली.” आणि परत आपली माळ ओढू लागली. उठून सांगावं, तर ऑपरेशन रद्द होणार. डॉक्टर बाहेरून येणारे, ते निघून जाणार, आणि सुलभाचं रक्त वाहतच राहणार. न सांगावं, तर? आणि ह्या सगळ्याच्या वर, हे सांगायला लाज वाटते, मला आणखी एक भीती होती. मी मूर्ख ठरेन ही. बायको मरणाच्या दारात असताना माझ्या डोक्यात हेही होतं.

मी डोळे मिटून दत्ताला म्हटलं, मला काही कळत नाही, तूच सांग. डोळे उघडले तर समोर फळा. तोच रोजचा फळा, मी ज्यांना हसलो होतो त्याच चिठ्ठ्या. एक चिठ्ठी मी आधीही वाचली होती. कुणीतरी कोवळ्या, गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘एका पेशंटची गोळी मी दुसऱ्या पेशंटला दिली. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं. परत जाऊन लगेच सिस्टरांना सांगितलं. सांगताना पाय कापत होते. पेशंट बरे आहेत.’ एवढंच. मी ती वाचली आणि उठलो. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. पाय मात्र माझेही कापत होते.

स्ट्रेचर वॉर्डाच्या दारात आलं होतं. मी ते धरून ठेवलं. “सिस्टर, मी तिला पेढे दिलेत. आणि तीर्थ.”

मला वाटलं आता त्या ओरडतील. ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, “कवा देल्लं? किती?” मी सांगितलं. त्यांनी सुलभाच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बरं झालं सांगतलं, भाऊ. बसा आता.” आणि ताडताड फोनकडे गेल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या, त्या मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आपण शिकलेले दिसता.” अस्सल पुणेरी वाक्य. मी आजवर कितीतरी जणांना ते ऐकवलं होतं. त्या दिवशी कळलं की ते कुठं लागतं.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलचं काम उरकून दुपारनंतर येतो म्हणाले. जमलं तर, असंही म्हणाले. त्या ‘जमलं तर’मध्ये माझा सगळा दिवस गेला. रक्ताची आणखी एक बाटली लागली. चादर बदलली, परत बदलावी लागली. सुलभा डोळे मिटून पडली होती आणि तिचा हात पावसात भिजलेल्या कपड्यासारखा गार होता. मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्दच येईनात. एवढी वर्षं बडबड केलेला मी, आणि त्या दुपारी माझ्याकडे द्यायला काही नव्हतं, मागायला तोंड नव्हतं. ती एकदा डोळे उघडून म्हणाली, “तुम्ही जेवलात का?” मी म्हटलं, “सुलभा, माझ्यामुळे हे.” ती म्हणाली, “पेढा चांगला होता.” आणि परत डोळे मिटले. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा होतो. इतका काळोख मी भरदिवसा कधी पाहिला नव्हता. त्यात देव कुठंच नव्हता, हे मी खरं लिहितो.

डॉक्टर आले. उन्हं कलायच्या सुमारास तिला आत नेलं. दिवे लागल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला. म्हणाल्या, “झालं व्यवस्थित. श्वासाची नळी घालताना उलटी झाली त्यांना. नुसतं पाणी होतं, लगेच काढता आलं. सकाळी नेलं असतं ना...” गर्भाशय गेलं. सुलभा राहिली.

हे देवानं केलं, की वानखडे सिस्टरांनी, की गोल अक्षर असलेल्या कुणा मुलीनं, जिचं नाव मला कधीच कळलं नाही, हा वाद मी घालत नाही. वाद घालायची माझी सवय दांडगी आहे, तरी घालत नाही. मी मागितलेला चमत्कार झाला नाही. आमच्या घरात पाळणा आला नाही, येणार नाही. सुलभा अजून कधीतरी शेजारच्या बाळाला अंघोळ घालून आली की ओला पदर तसाच ठेवून ओट्याशी उभी राहते, आणि तिचं दुःख हलकं करायला माझ्याकडे एकही वाक्य नाही. पण मी ज्या क्षणी ‘मला कळत नाही’ म्हणालो, त्या क्षणी मला उठवलं गेलं, एवढं मी जाणतो. उठलो ते माझ्या बळावर नाही. माझं बळ पेढे नेण्यापुरतंच होतं. आपण त्याला काय करायचं ते सांगणं थांबवलं की आपल्याला काय करायचं ते दिसतं, असं मला वाटतं. ह्यापेक्षा मोठं काही मला सांगता येत नाही.

सुलभा चालू-फिरू लागल्यावर आम्ही दोघं देवळात गेलो. तिला पायऱ्या चढायला नको म्हणून ती खालीच बसली. गाभाऱ्याशी मी हात जोडून उभा राहिलो, आणि बराच वेळ उभाच राहिलो असेन, कारण गुरुजी म्हणाले, “अहो, काय मागायचंय ते लवकर मागा. मागे रांग आहे.”

“काही मागायचं नाही,” मी म्हणालो.

“मग बाजूला व्हा. मागच्यांना मागायचंय.”

मी बाजूला झालो. खाली सुलभा दोघांच्या चपला जवळ घेऊन बसली होती. हात पुढे केला, तो धरून ती सावकाश उठली.