साधीही जगली

थंड खोलीत उभी हयात गेली म्हणून पोरं त्यांना पाठीमागे 'गारठेसर' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, पण रागवायचंही आता जिवावर यायचं. टोमॅटोच्या रोपात थंडी सोसणारं जनुक घालायचं, रोपं गारठ्यात ठेवायची आणि मेलेली उपसून टाकायची, हाच त्यांचा संसार. निवृत्ती तोंडावर आली होती. शेवटची चाचणी साधली तर मुदत वाढणार होती, नाहीतर खोली दुसऱ्या कुणाच्या तरी घशात जाणार होती.

आणि नेमकं ऐन वेळी खोलीचं यंत्र बंद पडलं. मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत राहिला. रोपांचे ट्रे बाहेरच्या बोळात, उघड्या खिडकीखाली पडून.

"सर, परत काचघरात नेऊ का? इथं गार वारा लागतोय," सहायक बाईंनी विचारलं.

"राहू द्या हो बाई. पुन्हा कोण उचलणार?" सर म्हणाले. त्यांची पाठ धरली होती.

शेवटी एकदाचं यंत्र सुरू झालं, रोपं आत गेली. चाचणी संपली, दार उघडलं आणि बाई ओरडल्याच, "सर, एकही मेलं नाही!"

सर आत येऊन एकेक ट्रे बघू लागले. जनुक घातलेली रोपं तरतरीत होती आणि तुलनेसाठी शेजारी ठेवलेली, जनुक न घातलेली साधी रोपंही तितकीच तरतरीत. साधी मरायला हवी होती. ती मेल्याशिवाय जनुकानं काही केलं हे ठरणार कसं? बोळातल्या वाऱ्यानं सगळ्यांनाच हळूहळू थंडीची सवय लावली होती. झाडं जगावीत म्हणून जन्मभर राबलेल्या माणसाला ती हिरवी पानं बघवेनात.

"साध्यांचा फोटो नाहीच काढला तर?" बाई हळूच म्हणाल्या.

"आधी त्यांचाच काढा," सर म्हणाले.

घरी बायकोनं चेहरा बघूनच विचारलं, "मेली वाटतं सगळी?"

"सगळी जगली. साधीही."

इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं. ती शेजारी बसली आणि त्यांचे गार हात तिनं हातात घेतले.

"मग आता मुदत?"

"गेली." सरांनी पाठ भिंतीला टेकली. मग म्हणाले, "बाई विचारत होत्या गं. मीच म्हटलं, पुन्हा कोण उचलणार."