जपानी मशीन आणि माझं टेबल

दिरांनी मुंबईहून सेकंडहँड व्हिडिओ गेम आणला आणि पहिल्याच दिवशी त्याचा अडॅप्टर जाळून दाखवला. मशीन जपानातलं, शंभर व्होल्टचं. त्यांनी ते आपल्या सोनपेठच्या दोनशेतीस व्होल्टच्या विजेत सरळ खुपसलं. मी रेडिओला सेलऐवजी लावायचा एलिमिनेटर जोडून मशीन जिवंत केलं. पण टीव्हीवर चित्र खालून वर नुसतं पळत सुटलं.

परभणीच्या आयटीआयमधून टीव्हीदुरुस्ती शिकून मी या घरात आले होते. सासऱ्यांचं घड्याळाचं दुकान होतं. त्यात मला दुरुस्तीसाठी एक टेबल हवं होतं, बाकी काही नको. सासरे म्हणाले, "बाजाराच्या दिवशी समद्यांसमोर हे चालवून दाव. टेबल तुझं. न्हाई जमलं तर पुन्ना इषय काढायचा न्हाई."

बाजाराला दुकानासमोर ही गर्दी! चित्र पळतंय म्हटल्यावर दीर सवयीनं माळवदावर चढले आणि अँटेना फिरवू लागले. "वहिनी, आलं का?" अहो, मशीन वायरनं टीव्हीला जोडलेलं, अँटेनाची वायर मीच काढून ठेवलेली! तरी खालून लोकांचं चालूच, "अजून थोडं! परभणीकडं फिरवा!" माझं डोकंच फिरलं. "भावजी, आधी खाली या!"

जपानी मशीन सेकंदाला साठ चित्रं पाठवायचं, आपला टीव्ही पन्नास धरायचा. दिरांच्या नव्या रंगीत टीव्हीला हा मेळ बसवायला एकही नॉब नव्हता. मी माझा जुना ब्लॅक अँड व्हाइट बाहेर काढला. सगळे त्याला भंगार म्हणायचे, पण त्याच्या पाठीवर चित्र थांबवायचा नॉब होता. तो शेवटपर्यंत फिरवला. चित्र मंदावलं, थांबेना. झाकण उघडून चित्राचा वेग ठरवणारा एक रेझिस्टर बदलला.

पुन्हा नॉब फिरवला आणि चित्र जागच्या जागी उभं राहिलं. रंग नाही, जपानी पद्धतीचा आवाज आपला टीव्ही पकडत नाही म्हणून आवाजही नाही, पण गेममधला गडी टणाटण उड्या मारत होता. परभणीचं व्हिडिओ पार्लर पाहिलेला एक जण ओरडला, "तिथं लय हळू पळतंय, हितं बघा की!" पळणारच! तिथलं मशीन पन्नासचं, माझं साठचं. मला तर नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात राणीसावरगावचा एक शेतकरी बगलेत रेडिओ धरून आला. "मिस्तरी कुठं हायेत?"

डोळ्याला भिंग लावलेल्या सासऱ्यांनी मानही वर केली नाही. "ह्या काय, समोरच बसल्यात."