मी असताना झालेले गोल

शनिवार, २३ मे, सायंकाळी पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, मुंबईच्या बंदरात उभ्या असलेल्या एका अकरा मजली जहाजावरच्या प्रत्येक प्रवाशाला माझे पूर्ण नाव ध्वनिक्षेपकावरून कळवण्यात आले. मी सापडत नव्हते, आणि मी सापडेपर्यंत जहाज सुटणार नव्हते. माझ्या घरच्यांना मी कुठे आहे हे नेमके ठाऊक होते. त्यांनीच मला तिथे ठेवले होते.

हे समजून घेण्यासाठी आमच्या घराची वैचारिक पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. बजाजनगरातल्या आमच्या घरात मुहूर्त पाहिला जात नाही. बाबांनी गृहप्रवेश मुद्दाम अमावस्येला केला, तोही भर बारा वाजता. मांजर आडवे गेले तर आम्ही मांजराची चौकशी करतो. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षे मालाची तपासणी करून निवृत्त झालेले बाबा आता दर रविवारी विहारात विज्ञाननिष्ठेवर बोलतात आणि टाळ्या घेतात. मात्र शनिवारी सामना असला, की आमच्या हॉलमध्ये विज्ञानाला रजा असते.

हा सामना क्रिकेटचा नव्हे, फुटबॉलचा. फार पूर्वी कारखान्यात यंत्र बसवायला आलेल्या एका परदेशी अभियंत्याने निघताना बाबांना आपल्या गावच्या संघाचा लोकरी मफलर दिला. बाबांनी मफलर घेतला आणि त्याबरोबर संघही घेतला. (संघाचे नाव मी देत नाही. बाबांच्या मते छापील नावाला दृष्ट लागते. अर्थात त्यांनी हे 'गोपनीयता' म्हणून सांगितले.) त्या गावात म्हणे बारा महिने पाऊस पडतो. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. तरीही त्या गावच्या अब्रूसाठी माझे वडील बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात गळ्याला लोकर गुंडाळून बसतात! पुढच्या बावीस वर्षांत संघाने एकदाही विजेतेपद मिळवले नाही, आणि बाबांनी एकदाही मफलर सोडला नाही.

आमच्या घरचा मुख्य नियम असा: आपला गोल झाला त्या क्षणी जो जिथे असेल, त्याने सामना संपेपर्यंत तिथेच राहायचे. बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, बिडकीनची शेती सांभाळून सामन्यापुरती एस.टी.ने येते. ती एकदा ओट्यापाशी कांदा हातात धरून अर्धा तास उभी होती.

"आरं, चिरू का नको?"

"चिरू नको अक्का! जसा आहे तसा धर!"

मी सांख्यिकीत एम.एस्सी. आहे, सुवर्णपदकासह. (हे सांगण्याची गरज नव्हती, पण पुढे माझी जी शोभा होणार आहे ती पाहता आधीच नोंदवून ठेवलेले बरे.) मोसमाच्या आरंभी मी जाहीर केले, की ही अंधश्रद्धा मी आकड्यांनी मोडून काढीन. नोंदवही सुरू केली. रकाने आखले: कोण कुठे बसले, आईने काय शिजवले, मफलराला वेढे किती, आपले गोल, त्यांचे गोल. कामामुळे मी कधी सामन्याच्या मध्यात घरी पोहोचत असे, कधी मध्येच उठून जात असे. तेही प्रामाणिकपणे लिहिले. दहा सामन्यांनंतर कांदा निर्दोष सुटला. मफलर निर्दोष सुटला. संशयित एकच उरला. प्रज्ञा (म्हणजे मी) हॉलमध्ये असताना झालेले गोल: शून्य.

"नमुना लहान आहे," मी म्हणाले.

"मोठा कर," बाबा म्हणाले.

मी मोठा केला. शून्य तसेच राहिले. 'पनवती' हा शब्द आमच्या घरात अवैज्ञानिक म्हणून निषिद्ध आहे. म्हणून बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि ते गंभीरपणे म्हणाले, "पोरी, सहसंबंध दिसतोय."

"बाबा, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे!"

"एकदम मान्य. जिन्यात जा."

तेव्हापासून दर सामन्याला मी जिन्याच्या पायरीवर बसू लागले. समोरच्या काकूंना पाझर फुटला.

"आज बी काढलं व्हय गं बाहेर?"

"सामना आहे, काकू."

"असू दे बाई. माझ्या सासरी बी असंच करायचे. मनाला लावून घेऊ नको. एखादं स्थळ बघू का?"

परिणामी साऱ्या मोसमात आमच्या संघाचा एकही गोल मी होताना पाहिला नाही. ओरडा ऐकून धावत आत जावे, तोवर चेंडू जाळीत आणि बाबा टीपॉयवर. "परत दाखवतात की," आई समजूत घालायची. परंतु पुन्हा दाखवलेला गोल म्हणजे चुकलेल्या लग्नाची चित्रफीत. सगळे दिसते, जेवायला मिळत नाही. मला एक, फक्त एकच गोल होताना पाहायचा होता.

आता जहाजाकडे येते. आत्याला समुद्र पाहायचा होता. "येवढं पानी येका जागी असतं म्हंतेत. येक डाव बघू तरी." म्हणून बाबांच्या निवृत्तीचे निमित्त साधून मी मुंबई-गोवा जहाजाची सहल ठरवली, आणि तारीख ठरवताना माझेच गणित वापरले. विजेतेपदाचा निकाल सहलीच्या दोन आठवडे आधी लागलेला असेल, याची संभाव्यता चौऱ्याण्णव टक्के निघाली होती. उरलेले सहा टक्के आमच्यासोबत जहाजावर चढले. मोसमाचा अखेरचा सामना नेमका त्याच दिवशी पाच वाजता होता, आणि तोही नेमका मुख्य प्रतिस्पर्ध्याशी. जिंकलो तर विजेतेपद आपले. बरोबरी झाली तर त्यांचे.

"चौऱ्याण्णव टक्के," बाबा एवढेच म्हणाले. बजाजनगरपासून मुंबईपर्यंत त्यांनी ते अकरा वेळा म्हटले.

जहाजाच्या वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाशेजारी, भिंतीएवढा पडदा होता आणि त्यावर सामना दिसणार होता. केबिनमध्ये शिरताच आईने नळ सोडून पाहिला. पाणी आले. आमच्या शहरातली गृहिणी अशा वेळी जे करील तेच तिने केले: बाटल्या, पेले, बर्फाचे भांडे, कचऱ्याची बादली, सगळे काठोकाठ भरून घेतले.

"आई, इथे पाणी जात नाही."

"सगळे असंच म्हणतात. मग जातं."

तेवढ्यात बाबांनी कौटुंबिक बैठक बोलावली. विषय एकच: मी.

"तू केबिनमध्ये राहा. खिडकीतून समुद्र दिसतो, छान आहे."

"बाबा, मोसमाचा शेवटचा सामना आहे. मी समोर असताना गोल झाला तर तुमचा सिद्धांत कायमचा खोटा ठरेल!"

"आणि नाही झाला तर?"

बावीस वर्षे तोलून पाहिली आणि मी पलंगावर बसले. बाबांनी जाताना टीव्हीचा रिमोट खिशात घातला. ते मालाची तपासणी करत असत. पळवाट राहू देत नसत.

पाच वीसला जहाजाची शिट्टी झाली: सात आखूड, एक लांब. सुरक्षेची कवायत! जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक प्रवाशाने लाईफ जॅकेट घालून आपल्या ठरलेल्या जागी हजेरी द्यायची असते. मी जॅकेट घालून दार उघडले, तर दारात आई.

"कुठं निघालीस?"

"कवायत आहे. सक्तीची आहे. आपली जागा कुठे आहे?"

"पडद्यासमोर," आई कळवळून म्हणाली. "आणि एक-एक झालंय गं. दोन्ही गोल तू इथं असताना झालेत. बस बाई इथंच. मी तुझी बी हजेरी देते." तिने मला आत ढकलून दार ओढून घेतले.

ही शाळेची हजेरी नव्हती. तिथे प्रत्येकाचे कार्ड तपासत होते, आणि एक कार्ड कमी भरले. पुढचे संभाषण मला आत्याने नंतर अनेकदा साभिनय करून दाखवले. सुरक्षा अधिकाऱ्याने विचारले, "आपकी बेटी कहाँ है? तबीयत ठीक नहीं?"

बाबांना खोटे बोलता आले असते. पण बाबा खोटे बोलत नाहीत. त्यावरही त्यांचे एक व्याख्यान आहे.

"तबीयत एकदम बढिया है साब. उनो नीचे है. नीचेच रहने दो."

"क्यों?"

"उनो ऊपर आई तो गोल नै होता."

अधिकाऱ्याने क्षणभर बाबांकडे पाहिले, मग मफलराकडे पाहिले आणि तो थेट ध्वनिक्षेपकाकडे गेला. पाच एक्केचाळीसला माझे नाव दुमदुमले. पाठोपाठ दुसरी घोषणा झाली: गणती पूर्ण होईपर्यंत पडदा बंद राहील.

पडदा काळा झाला! आता आमच्या कुटुंबापुढे एक निर्दोष तार्किक पेच उभा राहिला. मी वर आल्याशिवाय सामना दिसणार नाही. आणि मी वर आल्यावर सामन्यात पाहण्यासारखे काही घडणार नाही.

मला न्यायला अधिकारी स्वतः आला. केबिनमधली काठोकाठ भरलेली अकरा भांडी पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. "ये पानी कहाँ से आ रहा है?"

"नल से," मी म्हणाले. "भरके रखा है." एवढे बोलून मी आमच्या शहराचे सारे नगरनियोजन त्याच्यापुढे मांडले होते, पण त्याने वाकून जमीन चाचपून पाहिलीच.

डेकवर पोहोचले तेव्हा टाळ्या पडल्या. (सुवर्णपदकाच्या वेळी इतक्या पडल्या नव्हत्या.) पडदा उजळला, उत्तरार्ध सुरू झाला. दरम्यान बाबांच्या प्रामाणिकपणामुळे माझे वैशिष्ट्य सगळीकडे पसरले होते. आमच्या संघाच्या जर्सी घातलेली तीस-चाळीस मंडळी हात जोडून म्हणाली, "ताई, खाली जाता का?" त्याच क्षणी पलीकडून प्रतिस्पर्धी संघाचे समर्थक पुढे सरसावले. त्यांना बरोबरी पुरेशी होती.

"अजिबात जायचं नाही ताई! हा अन्याय आहे! तुम्ही इथं बसा."

त्यांनी मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. लिंबू सरबत दिले. एकाने टोपीने वारा घातला. साऱ्या मोसमात मला सामना पाहण्याचा आग्रह प्रथमच होत होता, आणि तो शत्रूकडून होत होता! मी बसले. ही आदर्श प्रयोगस्थिती होती: भरपूर वेळ, स्वच्छ दृष्टी, शंभर साक्षीदार. पन्नासावे मिनिट, साठावे, सत्तरावे. आमच्या संघाचा एक फटका खांबाला लागला, एक वरून गेला, एक गोलरक्षकाच्या चक्क पाठीला लागून परतला. मागून आमची मंडळी माझ्याकडे पाहून उसासे टाकत होती. पंच्याऐंशीवे मिनिट. एक-एक.

आत्या माझ्या शेजारी येऊन बसली. तिने विनवणी केली नाही. समोर पसरलेल्या समुद्राकडे पाठ करून ती म्हणाली, "बघ पोरी, पोटभर बघ. तुजा बी हक हाय. पन येक डाव तुज्या बापाकडं बी बघ."

मी मागे वळले. बाबा पडद्याकडे पाहतच नव्हते. मफलराचे एक टोक त्यांनी मुठीत धरले होते आणि माझ्याकडे पाहून दुसऱ्या हाताने खुणावत होते: बस, बस, राहू दे.

जा म्हणाले असते तर मी वाद घातला असता. सरबत खाली ठेवले आणि मी जिन्याकडे निघाले. प्रयोगकर्तीने ऐन मोक्याला, स्वखुशीने, ज्या अंधश्रद्धेविरुद्ध प्रयोग मांडला तिच्यापोटी प्रयोग सोडून दिला, याची नोंद व्हावी.

सातव्या पायरीवर ओरडा आला. तो ओरडा कोणाचा असतो हे मला विचारू नये; मोसमभर मी दुसरे ऐकले काय होते? दोन-एक! मी पायरीवर बसून राहिले, कारण नियम नियम असतो. तेवढ्यात वरून आत्याचा आवाज आला.

"आरं बोलीव तिला! वहीत काय लिव्हलंय? ती असताना गोल शून्य. पन कुनाचे, ते इचारलं का कुनी? त्यांचे बी शून्यच हायेत की!"

मग बाबा, मफलर उडवत, जिन्याच्या तोंडाशी: "प्रज्ञा! वर ये! पळ!"

रकाना मी आखला होता. आकडे मी भरले होते. सुवर्णपदक माझे होते. आणि 'त्यांचे गोल' या रकान्याकडे मी मोसमभर ढुंकूनही पाहिले नव्हते, कारण मी केवळ माझ्यावरच्या अन्यायाचा अभ्यास करत होते. ते काम अखेर, एका सामन्यात कांदा धरून उभ्या राहिलेल्या बाईने केले.

आमच्या मंडळींनी मला उचलूनच पहिल्या रांगेत बसवले. पंचांनी सहा मिनिटे वाढवून दिली. मघाचे माझे यजमान आता काकुळतीला आले होते. "ताई, खाली मस्त हवा आहे! ताई, सरबत खाली पाठवू का?" मी हलले नाही. पापणीही लवली नाही. शत्रूने चार फटके मारले. एकही आत गेला नाही. शिट्टी झाली. आई आणि आत्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बाबांनी बावीस वर्षांत प्रथमच मफलर स्वतःहून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. (तो धुण्यालाही बंदी होती, हे मला त्या क्षणी नीट कळले.)

"पुढच्या मोसमात," बाबा डोळे पुसत म्हणाले, "आपला गोल होईपर्यंत तू जिन्यात. झाला की हॉलमध्ये. विज्ञान हे असं वापरायचं असतं."

"व्हय," आत्या म्हणाली. आणि मग प्रथमच समुद्राकडे नीट पाहून, "केवढं पानी हाय गं बाई! आन् आपल्याकडं आठ दिसाला!"

जहाज तासभर उशिरा सुटले. किनारा मागे पडल्यावर मी वही उघडली आणि मोसमाची शेवटची नोंद केली. जागा: पहिली रांग. मफलर: माझ्या गळ्यात, दोन वेढे. विजेतेपद: एक. प्रज्ञाने होताना पाहिलेले गोल: शून्य.