बहिणीसाठी किडनी

संत्रं सोललं की मला अमरावतीच्या त्या दवाखान्यातला बाक आठवतो. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्या वर्षीची गोष्ट. अकोटला दिलेल्या माझ्या जुळ्या बहिणीचे आधी पाय सुजले, मग किडन्या निकामी झाल्या, आणि माझी एक मी तिला देणार होते. आम्ही इतक्या सारख्या, की नर्सनं तिच्याऐवजी माझाच रक्तदाब मोजला. तपासणीची वाट पाहताना बहीण मला संत्र्याच्या फोडी भरवत होती. तिला स्वतःला त्या मना होत्या. आत सोनोग्राफी करता करता डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझ्या किडनीत काळे, गोल फुगे दिसत होते. "मला हीच भीती होती," ते म्हणाले. "आजार आनुवंशिक आहे. तुम्हा दोघींतही उतरलाय. किडनी देता येणार नाही." बाहेर आले तेव्हा बहीण माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. "काहून वं, तुलेबी?" मी मान डोलावली. ती रडली नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मंग माह्याकडे नीट पाहून ठेव. पुढं काय होते ते तुले समजन." दीड वर्षात ती गेली. जुळ्यांची जनुकंसुद्धा अगदी तंतोतंत सारखी नसतात, असं नंतर एका डॉक्टरांनी मला समजावलं. त्या बारीकशा फरकाच्या भरवशावर मी इतकी वर्षं काढली; पण या महिन्यापासून माझेही पाय सुजू लागले आहेत.