जाळीमागच्या जयवंताबाई

हुडकेश्वरच्या शाळेमागे मुलींचा बेसबॉल चालतो. मैदानाच्या जाळीला टेकून दर रविवारी सकाळी महिला भजन मंडळाच्या बाया सतरंजी टाकून बसतात. अकराला देवळात भजन, त्याआधी हा खेळ. म्हणून प्रत्येकीच्या पिशवीत खंजिरी. मधोमध जयवंताबाई. वय अठ्ठावन्न, खंजिरी धरून चाळीस वर्षं झालेली आणि बेसबॉल पाहून तीन. नात भूमिका संघात आली तेव्हापासूनची ही तीन वर्षं. पण तेवढ्यात त्यांची पक्की खात्री झाली होती, की हा संघ प्रशिक्षक अश्विन सरांपेक्षा आपण बरा चालवू.

घरी पोळ्या लाटतानाही त्या संघच लावत. पोळपाट म्हणजे मैदान, शेंगदाणे म्हणजे पोरी. नवरा शालिकराम कळमना मार्केटातून संत्री घेऊन आला, की पिशवी खाली ठेवायच्या आत त्याला ऐकावं लागे, की तिसऱ्या बेसवरची पोरगी फार आत उभी राहते. तिसरा बेस म्हणजे नेमकं काय, असं त्यानं एकदा भीत भीत विचारलं, तर वरण थंड होईस्तोवर समजावणं चाललं.

सरांना हे सगळं जाळीतून ऐकू जायचंच. मागच्या वर्षी तर जयवंताबाईंच्या ‘पळ वं’ला भुलून एक पोरगी दुसऱ्या बेसवरून सुटली आणि सरळ आऊट झाली. त्या दिवसापासून सर जाळीकडे पाठ करून उभे राहत.

या रविवारी अंतिम सामना होता. समोर हिंगण्याच्या पोरी. त्यांची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, उंच आणि थंड डोक्याची. भूमिका दोनदा बॅट घेऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा हात हलवत परतली. चेंडू जोरात येईल म्हणून तिनं घाई करावी, तर तो रमतगमत यायचा.

जयवंताबाईंची बोटं मांडीवर ठेका धरून होती. ही त्यांची सवयच. कुकरच्या शिट्टीवरही धरतात. पिचरनं पाय उचलला की बोटं चालत, पाय खाली आला की थाप पडे. मधेच थाप चुकली. परत चुकली. त्या दचकल्या. देवापुढे इतकी वर्षं जी थाप चुकली नाही ती आजच कशी चुकेल? त्यांनी डोळे बारीक केले आणि पुढचे सहा चेंडू नुसते मोजले. मग शेजारच्या अंजनाबाईचा हात असा दाबला, की तिच्या बांगड्या वाजल्या.

शेवटचा डाव. एका रननं मागे, दोघी बाद, तिसरी गेली की डाव खलास. दोघी दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर उभ्या. पाळी भूमिकाची. सर तिला बसवून दुसरीला पाठवायला निघाले, तशा जयवंताबाई एकादशीच्या उपाशी पोटानं जाळीला वळसा घालून थेट मैदानात शिरल्या.

“सर, पोरीले बसवू नका. मले तिच्याशी दोन शब्द बोलू द्या.”

“मावशी, तुमच्या दोन शब्दांनी मागच्या वर्षी काय झालं, आठवते ना?”

“आठवते. आज चुकलं तर जाळीपाशी बसीन, पण तोंड उघडणार नाही.”

“देवाची शपथ?”

“देवाले काहून मधात आणता? मी सांगून राहिली ना.”

सरांनी मान डोलावली. आणि जयवंताबाईंच्या आत्ता लक्षात आलं, की आपण काय पणाला लावून बसलो. मुक्यानं बसायचं, तर रविवारी इथं यायचंच कशाला?

त्यांनी नातीचा तळवा धरून त्यावर बोटं वाजवली. “पाय उचलला की मनात खंजिरी धर. तीनावर पाय खाली, तर चेंडू जोराचा. चौथ्याले थांबली, तर हळू येते. मंग तूही थांबजो वं.”

भूमिका त्यांच्या मांडीवर खंजिरी ऐकतच मोठी झालेली. तिला जास्त सांगावं लागलं नाही.

पहिला चेंडू तीनावर आला. बॅटला लागून रेषेबाहेर गेला. दुसराही तीनावर, तोही बाहेर. दोन्ही हुकल्यातच जमा; आता तिसरा चुकला की संपलं. अंजनाबाईनं डोळे मिटून नाम सुरू केलं. पिचरचा पाय वर गेला. एक, दोन, तीन... पाय वरच. जयवंताबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. भूमिकाची बॅट जागची हलली नाही. चार. चेंडू रमतगमत आला आणि टण्णकन् वाजला. तिसऱ्या बेसवर राखणीला असलेल्या हिंगण्याच्या पोरीच्या डोक्यावरून तो शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन पडला. बेसवरच्या दोघी पोरी धावत ‘घरी’, म्हणजे होम बेसवर आल्या. सामना जिंकला.

सतरंजीवर खंजिऱ्या कडाडल्या. अंपायर हात हलवून थांबा म्हणत होते, त्यांच्याकडे बघतो कोण! देवळातलं भजन त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुरू झालं, आणि कुरकुर करणाऱ्यांच्या हातावर जयवंताबाईंनी संत्री ठेवली.

पण त्याआधी सर जाळीपाशी आले, या वेळी तोंड इकडे करून. म्हणाले, “मावशी, उद्या प्रॅक्टिसले या. खंजिरी घेऊन.”

“येतो,” जयवंताबाई म्हणाल्या. “पण सर, आपली तिसऱ्या बेसवरची पोरगी लय आत उभी राहते.”

सरांनी खिशातून पेन काढला.